सूट नको, हिशेब द्या

हॉस्पिटलच्या बिलातून पैसे कमी झाले की आपण त्याला ‘सूट’ म्हणतो. ‘अमक्यांनी शब्द टाकला, चाळीस हजार सोडले.’ ‘साहेबांचा फोन गेला, लाखभर कमी झाले.’ मग आपण शब्द टाकणाऱ्याच्या घरी पेढे घेऊन जातो आणि फॅमिली ग्रुपवर त्याचा नंबर ‘हॉस्पिटलच्या कामाला उपयोगी’ म्हणून पाठवून देतो. एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. जे पैसे एका फोनवर सुटतात, ते लावले कशाबद्दल होते?

बिल बरोबर असेल, तर ते कुणाच्याही फोनने कमी होता कामा नये. ते चुकीचं असेल, तर ज्याच्याकडे फोन करायला कुणीच नाही त्याचंही कमी व्हायला हवं. गरिबीमुळे दिलेली माफी मी यात धरत नाही; तिचे निकष लिहिलेले असतात, निदान असायला हवेत. मी बोलतोय ते आपल्या खासगी हॉस्पिटलांमधल्या रोजच्या व्यवहाराबद्दल, जिथे बिलाचा शेवटचा आकडा तुमची ओळख किती वरपर्यंत आहे यावर ठरतो.

बिलाच्या बाबतीत रुग्णाच्या बाजूने उभं राहणाऱ्या माणसाला अमेरिकेत पेशंट अ‍ॅडव्होकेट म्हणतात. मी त्याला रुग्णसहायक म्हणेन. माझं म्हणणं एवढंच आहे की असा माणूस नशिबाने किंवा वशिल्याने मिळता कामा नये. तो प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात, प्रत्येक रुग्णाला, न मागता उपलब्ध असला पाहिजे. आणि त्याचा पगार हॉस्पिटलकडून, विमा कंपनीकडून किंवा एखाद्या नेत्याच्या ऑफिसातून येता कामा नये.

बिल कसं तयार होतं

आधी बिलाबद्दल. कारण बरीच भांडणं बिल न वाचताच होतात.

पहिली गोष्ट, खोलीचा वर्ग. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. आपल्याला वाटतं फरक एसी, टीव्ही आणि सोफ्याचा आहे. प्रत्यक्षात बऱ्याच हॉस्पिटलांत खोली बदलली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, डॉक्टरांच्या प्रत्येक व्हिजिटचा दर, सगळंच वर सरकतं. सर्जन तोच, थिएटर तेच, टाके तेवढेच. अ‍ॅडमिशनच्या गडबडीत ‘जनरल फुल आहे, तूर्तास सिंगल घ्या’ या वाक्यावर आपण मान हलवतो, तेव्हा पुढच्या सगळ्या बिलाचा गुणक ठरलेला असतो.

दुसरी गोष्ट, एमआरपी. ग्लोव्हज, सिरिंज, कॅथेटर, आयव्ही सेट आणि बरीचशी औषधं हॉस्पिटल घाऊक भावात घेतं आणि रुग्णाला छापील किमतीला लावतं. यात बेकायदा काही नाही, हीच यातली गोम आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. छापील किंमत फुगवून घेण्यात फायदा हॉस्पिटलचा, कारण माल निवडणारं तेच असतं. पैसे देणारा आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेला असतो, आणि तो ‘दुसऱ्या कंपनीची सिरिंज दाखवा’ असं म्हणू शकत नाही.

तिसरी गोष्ट, मोजणी. आयसीयूचा दिवस, व्हेंटिलेटरचा दिवस, मॉनिटर, इन्फ्युजन पंप, ऑक्सिजनचे तास, नर्सिंग. प्रत्येकाचा वेगळा दर. एखादं यंत्र सकाळी काढलं आणि सिस्टीममध्ये संध्याकाळी बंद केलं, तर मीटर चालूच राहतं. औषधांच्या कुप्या फार्मसीतून येतात, उरतात, काही परत जातात, काही परत गेल्याची नोंद होत नाही. यातलं बरंचसं कुणी मुद्दाम करत असेल असं मी म्हणत नाही. पण घाईत झालेल्या चुका जेव्हा बहुतेक वेळा एकाच बाजूला पडतात, तेव्हा त्या कुणी दुरुस्त का करत नाही हे विचारायला हवं.

मामाची फाईल

गेल्या वर्षी माझ्या मामाला आतडं फुटून पोटात जंतुसंसर्ग झाला. त्याचं तालुक्याच्या गावी भुसार मालाचं दुकान आहे. विमा नव्हता. रात्रीतून पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात आणलं, तातडीचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस आयसीयू, सात दिवस वॉर्ड. मामा वाचला. डॉक्टरांबद्दल आमच्या घरात आजही कुणी वावगा शब्द काढत नाही, आणि या लेखातही निघणार नाही.

बिल आलं ६ लाख ३८ हजार. दोन पानं. त्यात ‘फार्मसी’ अशी एक ओळ, ‘कन्झ्युमेबल्स’ अशी एक ओळ, ‘आयसीयू चार्जेस’ अशी एक ओळ. मामेभावाने गावातल्या पतसंस्थेतून कर्ज काढून निम्म्याहून जास्त रक्कम आधीच भरली होती. उरलेल्यासाठी मामी पाटल्या मोडायच्या म्हणत होती. एका मैत्रिणीमार्फत मी आरोग्य हक्कांवर काम करणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्या दोन बस बदलून आल्या. आमच्या डोक्यात एकच होतं, की या बाई आत जाऊन काहीतरी बोलतील आणि पैसे कमी होतील. त्यांनी बिलाची दोन पानं बघितली आणि म्हणाल्या, “हे बिल नाही, ही बेरीज आहे. कमी करा म्हणायला जाऊ नका. आधी बिल मागा.”

तपशीलवार बिल मागितल्यावर काउंटरवरच्या मुलाने ‘डिस्चार्जनंतर मेल करतो’ सांगितलं. ताईंनी लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोच मागितली. तासाभराने ३४ पानं प्रिंट होऊन आली. मग त्यांनी केसपेपर मागितले: नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा चार्ट. कँटीनच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. ताई चार्ट वाचत होत्या, मामेभाऊ बिलातली ओळ शोधत होता, मी लॅपटॉपवर दोन्ही कॉलम लावत होतो.

एका महागड्या अँटिबायोटिकच्या चार्टवर ३३ कुप्या होत्या, बिलात ४६. व्हेंटिलेटर सातव्या दिवशी सकाळी काढल्याची नर्सची नोंद होती. बिलात तो नवव्या दिवसापर्यंत चालू होता. हॉस्पिटलच्याच दरपत्रकात आयसीयूच्या दरात मॉनिटर धरलेला होता; बिलात तो रोज वेगळा लागला होता. एका स्पेशालिस्टच्या आठ व्हिजिट लावल्या होत्या, ज्यांची केसपेपरवर एकही नोंद नव्हती.

एकूण ७६ हजार. ताईंनी आवाज चढवला नाही. बिलिंग मॅनेजरसमोर चार मुद्दे कागदावर ठेवले, पान क्रमांकांसकट. दोन तासांत ७६ हजार कमी झाले. आणि नव्या बिलावर शेवटी ओळ छापून आली: ‘स्पेशल डिस्काउंट – मॅनेजमेंट’.

मामीने मॅनेजरला हात जोडले. “साहेब, लई उपकार झाले.”

ताईंनी ती ओळ बदलायला सांगितली. दुरुस्ती लिहा म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये तोच ऑप्शन आहे.” तो खरं बोलत होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हेही माहीत आहे की ड्रॉपडाउनमधले पर्याय आभाळातून पडत नाहीत. ते कुणीतरी मागितलेले असतात. ‘बिलिंगमधली चूक’ असा पर्याय ठेवला, तर महिनाअखेर रिपोर्ट निघेल: किती चुका, कुठल्या विभागात, किती रुपयांच्या. ‘डिस्काउंट’ ठेवला की चुकाच होत नाहीत, फक्त औदार्य होतं.

त्या दिवशी आमची धावपळ बघून वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटचा भाऊ ताईंकडे आला. बीडकडचा होता. “ताई, आमचंही बघाल का?” त्यांनी बघितलं, अजून दोन तास थांबून. त्याच्या पुढच्या बेडपर्यंत त्या पोचू शकल्या नाहीत. त्यांना शेवटची बस गाठायची होती.

कोण कुणाचा माणूस

‘पण मदत करणारे खूप असतात की हॉस्पिटलात,’ असं कुणी म्हणेल. असतात. प्रत्येकाचं एकदा बघू.

पीआरओ आणि बिलिंगची माणसं हॉस्पिटलच्या पगारावर असतात. धर्मादाय हॉस्पिटलांत मेडिकल सोशल वर्कर असतात. त्यांतले अनेक कळवळ्याने काम करतात, पण पगारपत्रक तेच. आपल्याच मालकाच्या बिलात चूक काढणं ही त्यांच्या कामाची व्याख्या नाही.

विमा कंपनीचा टीपीए. माझ्या वयाच्या आयटीवाल्यांना वाटतं की ग्रुप कव्हर आहे म्हणजे कुणीतरी बिल तपासतंय. तपासतं, पण कंपनीसाठी. टीपीएने एखादी ओळ ‘नॉन-पेएबल’ ठरवली, तर हॉस्पिटल ती ओळ खोडत नाही. ती तुमच्या कार्डावर स्वाइप होते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ लावतात, तेव्हा औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ती कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा २०२० पासूनचा नियम आहे. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाला तर त्यामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसायचा, हा २०२४चा. डिस्चार्जच्या दिवशी हे तुम्हाला कोण सांगतं? टीपीए डेस्क सांगणार नाही. हॉस्पिटलला सांगण्यात रस नाही.

आरोग्यमित्र. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत सामील हॉस्पिटलांत हे असतात आणि ते हॉस्पिटलचे नोकर नसतात, ही चांगली गोष्ट. आपल्याकडे रुग्णसहायकाच्या सगळ्यात जवळ जाणारी सरकारी जागा हीच. योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसाठीसुद्धा, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण आरोग्यमित्राचं काम योजनेत बसवण्यापुरतं. हॉस्पिटल योजनेत नसेल किंवा आजार यादीत नसेल, तर तिथे त्याची हद्द संपते.

मग साहेबांचे कार्यकर्ते. यांची टिंगल करणं सोपं आहे, मी करणार नाही. रात्री दोनला बेड शोधून देणारी ही मुलं मी पाहिली आहेत. पण त्यांचं हत्यार एकच: साहेबांचं नाव. ते केसपेपर मागत नाहीत, फोन लावून देतात. त्या फोनने कमी झालेले पैसे हॉस्पिटल पदरचे घालत असेल, असं मानायला मी तयार नाही. ते ज्याचा फोन आला नाही त्याच्या बिलात कुठेतरी असणार. आणि उपकाराची परतफेड असते. ती पाच वर्षांनी मतपेटीत होते आणि दरम्यान वाढदिवसाच्या फ्लेक्सवर.

शेवटी निधी. मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट, क्राउडफंडिंगची अ‍ॅप्स. या सगळ्यांनी जीव वाचले आहेत. पण हे सगळे बिल भरायला मदत करतात, वाचायला नाही. लोकांच्या शंभर-दोनशे रुपयांतून उभे राहिलेले आठ लाख जेव्हा हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तेव्हा त्यातले किती बरोबर लावले होते हे देणगीदाराला कधीच कळत नाही. आपण गरजू रुग्णाला मदत करतोय असं समजून काही वेळा आपण हॉस्पिटलच्या हिशेबातल्या चुकाच भरत असतो.

एकदा करून झालंय

‘हे आदर्शवादी आहे, आपल्याकडे जमणार नाही’ हा मुद्दा मी ऐकून घेतला असता, जर आपण तो प्रयोग केलाच नसता तर.

मे २०२०मध्ये राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांतले ८० टक्के बेड नियंत्रणाखाली घेतले आणि कोविडचे दर ठरवले: दिवसाला वॉर्डला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट आणि काही महागडी औषधं त्यातून वगळली होती, आणि पळवाटा तिथूनच निघाल्या. दर फक्त कागदावर ठेवून भागेना, तेव्हा महापालिकांनी बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. सरकारी खात्यांमधले हिशेबनीस हॉस्पिटलात जाऊन बसले. त्यांना वैद्यकशास्त्र येत नव्हतं. त्यांना बेरीज येत होती आणि बिल मागण्याचा अधिकार होता. एवढ्यावर राज्यभर अनेक बिलांमधून रकमा कमी झाल्या, काही ठिकाणी परत द्याव्या लागल्या.

सगळं सुटलं असं नाही. नंतर ‘साथी’सारख्या संस्थांनी आणि कोविडमध्ये एकट्या पडलेल्या महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी रुग्णांची बिलं गोळा केली, तेव्हा जादा आकारणीची प्रकरणं ढिगाने निघाली. अनेक घरांत कमावता माणूस गेला होता आणि मागे बिलाचं कर्ज राहिलं होतं. म्हणजे जिथे तपासणारा पोचला तिथे बिल उतरलं, जिथे नाही तिथे नाही. यातून निष्कर्ष काय काढायचा? मला तरी एकच दिसतो: तपासणारे कमी पडले.

आपण काय केलं? साथ ओसरली, हिशेबनीस आपापल्या खात्यांत परत गेले. ती व्यवस्था कायम ठेवावी असं कुणाला वाटलं नाही. जणू जादा बिल हा कोविडचाच एक लक्षणप्रकार होता.

कायदा भिंतीवर, माणूस गायब

हक्कांची आपल्याकडे टंचाई नाही. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा २०१०चा. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, आपल्याकडे १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर काम चालतं. जानेवारी २०२१मध्ये त्याचे नियम सुधारले. त्यानुसार हॉस्पिटलने रुग्णहक्क सनद आणि ठरावीक सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे, स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री नंबर चालवायचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रुग्णहक्क सनदेत तपशीलवार बिलाचा हक्क आहे, औषधं बाहेरून घेण्याचा हक्क आहे, आणि पैशाच्या वादात रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येणार नाही हेही आहे. केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम २००२पासून आहे.

धर्मादाय हॉस्पिटलांसाठी तर उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६पासून लागू आहे: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत. तरी एप्रिल २०२५मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलने गर्भवती बाईकडे दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप झाला, ती दगावली होती, आणि मग तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागू नका अशा सूचना निघाल्या. नियम असायला माणूस मरावा लागत नाही. तो कुणीतरी पाळायला लावायला मात्र आपल्याकडे मरावा लागतो.

यातल्या प्रत्येक हक्काची एक अट आहे, जी कुठेही लिहिलेली नसते. तो हक्क तुम्हाला डिस्चार्जच्या दिवशी, काउंटरवर, आठवावा लागतो. तीन रात्री जागलेल्या, आत पेशंट असलेल्या, पुढच्या तपासणीला याच डॉक्टरकडे यायचं असलेल्या माणसाला. ग्राहक आयोग आहे, विमा लोकपाल आहे, पण ते सगळं नंतर. आधी पैसे भरा, मग वर्षानुवर्षं तारखा घ्या.

आता एक तुलना करून बघा. एखाद्यावर चोरीचा आरोप आला आणि त्याच्याकडे वकिलाचे पैसे नसले, तर सरकार त्याला वकील देतं. त्यासाठी १९८७चा कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. तत्त्व साधं आहे: एका बाजूला जाणकार यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला एकटा, घाबरलेला माणूस असेल, तर न्याय होत नाही. आरोपीला जे तत्त्व लागू होतं, ते आजारी माणसाला का लागू होऊ नये?

‘पण’वाल्यांना

डॉक्टरांचं म्हणणं असतं की आधीच आमच्यावर हल्ले होतात, त्यात अजून एक तपासनीस कशाला? मला वाटतं, रुग्णसहायकाची सगळ्यात जास्त गरज डॉक्टरांनाच आहे. बिल ठरवतं व्यवस्थापन, आणि नातेवाइकांचा संताप झेलतो रात्रपाळीचा निवासी डॉक्टर. डॉ. अरुण गद्रे यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन लिहिलेली ‘कैफियत’ वाचा. या धंद्याच्या दबावाबद्दल सगळ्यात कडवट बोलले आहेत ते डॉक्टरच. हिशेब तपासायला तिसरा माणूस असेल, तर काउंटरवरचा वाद वॉर्डात पोचणार नाही.

हॉस्पिटलं म्हणतात, आमचे खर्च अफाट आहेत. असतील. जागा, यंत्रं, पगार, कर्जाचे हप्ते. मग ते खर्च खऱ्या दरात लावा आणि दरपत्रकावर लिहा. न दिलेल्या तेरा कुप्या हा कुठल्या यंत्राचा हप्ता?

तिसरे, माझ्याच बिरादरीतले: ‘यावर अ‍ॅप काढूया.’ किंवा ‘बिलाचा फोटो एआयला दे, चुका काढून देईल.’ देईलही. दोनदा लागलेला चार्ज, चुकलेली बेरीज, एमआरपीपेक्षा जास्त दर, हे यंत्राला माझ्यापेक्षा लवकर सापडेल. पण मामाच्या बिलातली एकही चूक नुसत्या बिलात दिसत नव्हती. बिल स्वतःशी अगदी सुसंगत होतं. चूक दिसली ती बिल आणि नर्सची नोंद शेजारी ठेवल्यावर, आणि ती नोंद मिळाली ती एका बाईने ‘पोच द्या, मी इथेच बसते’ म्हटल्यावर. अडचण माहितीच्या विश्लेषणाची नाही. माहिती दाबून बसलेल्या माणसाकडून ती घेण्याचा अधिकार कुणाला, ही अडचण आहे. त्याला एपीआय नाही.

आणि ज्यांना हा नवा स्टार्टअप वाटतो त्यांच्यासाठी: अमेरिकेत खासगी पेशंट अ‍ॅडव्होकेट तासाची फी घेतात किंवा वाचवलेल्या रकमेत टक्का. आपल्याकडे ते आलं, तर आधी फुगवलेलं बिल भरा आणि मग ते उतरवणाऱ्याची फी भरा, असे दोन धंदे शेजारी शेजारी चालतील. बिल जितकं फुगेल तितकी टक्केवारी मोठी. दोघांनाही बिल फुगलेलंच हवं असेल.

मागणी

मग हवं काय? ठरावीक खाटांपेक्षा मोठ्या प्रत्येक हॉस्पिटलात एक रुग्णसहायक कक्ष. त्यातली माणसं महापालिकेच्या किंवा जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या नेमणुकीवर, आणि दर दोन वर्षांनी हॉस्पिटल बदलून. खर्च नोंदणी शुल्कावरच्या छोट्या अधिभारातून. अधिकार तीन: कुठल्याही बिलाचा तपशील आणि केसपेपर त्याच दिवशी मागण्याचा, वादातली रक्कम बाजूला ठेवून रुग्णाला घरी जाऊ देण्याचा, आणि झालेली दुरुस्ती ‘दुरुस्ती’ म्हणून नोंदवायला लावण्याचा. प्रत्येक हॉस्पिटलातल्या दुरुस्त्यांचा आकडा दर तिमाहीला जाहीर. यात क्रांतिकारक काही नाही. आरोग्यमित्र आहेत, कोविडचे लेखापरीक्षक होते, विधी सेवा प्राधिकरण आहे. तीनही गोष्टी आपल्याला चालवता येतात हे आपण दाखवून दिलंय. त्या फक्त एका टेबलावर आणायच्या आहेत.

ते होईपर्यंत तुम्हाला-मला करता येईल असं थोडं आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी दरपत्रक मागा आणि त्याचा फोटो काढा. खोली बदलल्यावर आणखी काय काय बदलेल हे विचारा. रोजचं बिल रोज मागा, अठराव्या दिवशी नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. केसपेपरची प्रत मागायला लाजू नका. आणि पैसे कमी झाले, तर कशाचे कमी झाले ते लिहून मागा. सिस्टीममध्ये ऑप्शन नसेल, तर पेनाने लिहून सही-शिक्का मागा.

पण हे करून तुम्ही तुमच्या घरातल्या माणसाचे ताई व्हाल, एवढंच. त्यात समाधान मानणं हा आपल्या शिकलेल्या वर्गाचा जुना रोग आहे: व्यवस्था बिघडली की आपण आपल्यापुरता वशिला शोधतो आणि त्याला हुशारी म्हणतो. मराठी वाचता येणाऱ्या, एक्सेल येणाऱ्या, लेखी अर्ज करायची भीती न वाटणाऱ्या माणसालाच बरोबर बिल मिळणार असेल, तर तोही वशिलाच झाला, जरा सुशिक्षित चेहऱ्याचा.

म्हणून पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं आणि ‘हॉस्पिटलचं काही काम असलं तर रात्री-अपरात्री फोन करा’ म्हणालं, तर त्याचा नंबर सेव्ह करू नका. त्याला विचारा: तुमच्या वॉर्डातल्या हॉस्पिटलांमध्ये बिल तपासायला पगारी माणूस कधी बसवताय? ज्या शहरात फोन करावा लागणार नाही, तिथे या माणसाचं काम काय उरेल, याचा विचार त्यालाही करू द्या.